पक्क्या पाण्याचे पैसे वेगळे

जळगाव, १९ नोव्हेंबर १९६७

उद्या आमची पहिली बस शिखरजीला, आम्हा जैनांच्या बिहारातल्या मोठ्या तीर्थाला, निघते. वही काढली, कारण यांच्याशी बोलून उपयोग नाही. मी काही सुचवलं की म्हणतात, "तू धुळ्याची मॅट्रिक, तुला धंद्यातलं काय कळतं?" आणि तासाभरानं तेच माझं बोलणं मंदिराच्या पायरीवर स्वतःचं म्हणून सांगत असतात. तर मनातलं इथं लिहीन, मराठीत. मारवाडीत मला भांडता चांगलं येतं, लिहिता येत नाही.

वाटण्या झाल्या तेव्हा डाळमिल धाकट्या दिरांकडे गेली आणि आमच्या वाट्याला वऱ्हाडं नेणारी जुनी बस आली. तिची यात्रा बस करायची कल्पना माझी. कंपनी यांच्या नावाची, पण बायकांनी जागा राखल्या त्या मी शब्द दिला म्हणून. सूर्य मावळायच्या आत ताट वाढलं जाईल. कांदा, लसूण, बटाटा गाडीत चढणार नाही. दोन वेळा चहा, अंघोळीला ऊन पाणी, आणि प्यायला दिवसभर पक्कं पाणी. पाण्यातही जीव असतात म्हणून आमच्यातली व्रताची माणसं उकळलेलंच पाणी पितात, त्याला पक्कं म्हणायचं. हे सगळं भाड्यातच, दोनशे पंचवीस रुपये. वर काही मागायचं नाही असं मी बजावलं आहे.

भुवासांची जागा मी पहिल्या रांगेत ठेवली होती. भुवासा म्हणजे यांच्या आत्या, जतनबाई. बालविधवा. यांना त्यांनीच वाढवलं. चाळीस वर्षं झाली, कच्च्या पाण्याचा थेंब तोंडात गेलेला नाही. शिखरजी पाहून डोळे मिटायचे एवढंच त्यांचं मागणं. त्यांच्याकडून भाडं कोण घेणार? पण आज संध्याकाळी पारोळ्याचं एक गिऱ्हाईक आलं आणि यांनी ती जागा देऊन टाकली. भुवासांना म्हणाले, "पुढल्या वर्षी नक्की." त्या म्हणाल्या, "बरं." मला त्या "बरं"चा राग आला आणि यांचा त्याहून जास्त.


१५ डिसेंबर १९६७

सुखरूप आलो. भाविक लोक जवळून पाहिले आणि वीट आला. खिडकीसाठी भांडतात, देवळात एकमेकींना ढकलतात. चंदनबाई, सराफ्यातल्या रुपचंदजींच्या पत्नी, गळ्यात दहा तोळे, रोज जेवण झालं की पाच-सहा पुऱ्या रुमालात बांधून घ्यायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "भाड्यातच आहे ना?" ड्रायव्हर आधार नाना भडगावकडचा. तो हसून म्हणाला, "अक्का, हाई बाई उतरी त्ये गाडी हलकी हुई."

तरी उतरताना सगळ्या माझे हात धरून म्हणाल्या की घरच्यासारखं झालं. तेवढ्यानं मी विरघळले, हेही खरं.


४ मार्च १९६९

दिवाळीनंतर हे मुंबईहून बोटीनं गोव्याला जाऊन आले. डाळीच्या व्यापाऱ्यांची टोळी होती. समुद्र कसा होता म्हणून विचारलं तर म्हणाले, नीट बघितला नाही. मग दोन दिवस बघितलं काय? तर बोटीवरची भाडी.

"बोट एकच, पोचायची वेळ एकच," हे ताट बाजूला सारून सांगत होते. "पण खालच्या मजल्याचं भाडं वेगळं, वरच्याचं वेगळं, खोलीचं त्याहून वेगळं. खुर्ची हवी तर तिचे पैसे. चहा विकत. आणि लोक कुरकुर न करता देतात. आपण सगळ्यांना सगळं एकाच भावात देतो, आपण मूर्ख."

मी म्हटलं, आपली बस आहे, तिला वरचा मजला नाही. हे म्हणाले, करता येतो.

यंदापासून पुढच्या चार रांगा "अप्पर". गाद्यांवर हिरवं रेक्झीन, चाळीस रुपये जास्त. मागच्या रांगांचा दुपारचा चहा बंद. हवा असेल तर पंधरा पैसे. या खेपेला मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं चहाचा वास येताच तोंड फिरवलं. मला ते बघवेना, मी माझा कप तिला दिला. हे म्हणाले, असं केलंस तर विकत कोण घेईल?

भुवासांची जागा अप्परमध्ये गेली म्हणून यंदाही त्यांचं राहिलं.


१० फेब्रुवारी १९७१

आज जबलपूरच्या अलीकडे जे झालं त्यानं अजून अंग जळतं आहे.

धुळ्याच्या एका पार्टीनं यंदा याच मार्गावर बस सुरू केली आहे, भाडं आमच्याहून तीस रुपये कमी. माझ्या माहेरच्या माणसांनीसुद्धा तिकडेच जागा घेतल्या. आमच्या जागा उरल्या. शेवटच्या आठवड्यात यांनी गुपचूप दीडशेला विकल्या. मला म्हणाले, कोणाला कळणार?

जळगावात कोणाच्या अंगावर नवं लुगडं दिसलं की पहिला प्रश्न असतो, केवढ्याला पडलं? आणि हे म्हणतात कोणाला कळणार. आज दुपारी बायका झाडाखाली वाटाणे सोलत बसल्या होत्या. चंदनबाईंनी मागच्या रांगेतल्या एकीला विचारलं, "तुला केवढ्याला पडलं?" तिनं भोळेपणानं सांगितलं. मग जे सुरू झालं! दिवाळीत पैसे भरलेल्या एका बाजूला, परवा भरलेल्या दुसऱ्या बाजूला. वाटाणे धुळीत. एकीनं दुसरीच्या पंगतीला बसायचं नाकारलं. तीर्थाला निघालेल्या या बायका.

यांनी हात जोडले, आधी भरलेल्यांना पेढ्यांचे पुडे दिले. आणि संध्याकाळी एकेकाला बाजूला घेऊन भाडं कोणाला सांगणार नाही अशी शपथ घालायला लागले. शिखरजीची शपथ. मला शिसारी आली. या माणसाच्या ताटात मी रोज वाढते.


जळगाव, १८ नोव्हेंबर १९७३

दुष्काळात वर्षभर बस दारात उभी होती. आता पाऊस झाला तर डिझेल भडकलं आणि रॉकेल मिळेनासं झालं. रॉकेलसाठी रांगा लागतात.

यांचं नवं पत्रक छापून आलं. मोठ्या अक्षरात भाडं: एकशे नव्याण्णव रुपये. सदुसष्ट सालापेक्षाही कमी! लोक वाचून थक्क होतात. खाली बारीक अक्षरात: गादी वेगळी. ऊन पाणी वेगळं. दोन्ही चहा वेगळे. गोड पदार्थ वेगळा. सूर्यास्तापूर्वी थांबून जेवण हवं असेल तर वेगळं. आणि पक्क्या पाण्याचे रोज पंचवीस पैसे वेगळे.

मी म्हटलं, पाण्याचे पैसे? आपल्यात पाणपोया घालतात.

हे म्हणाले, "पाण्याचे नाहीत, उकळण्याचे आहेत."

मी तीन दिवस बोलले नाही. यांच्या ते लक्षातही आलं नाही. पण यंदा भुवासांची जागा मी सोडली नाही. माझ्या बांगड्यांतली एक मोडली आणि त्यांचं पूर्ण भाडं, पाण्यासकट, यांच्या पुढ्यात ठेवलं. यांनी मोजून घेतलं.


९ जानेवारी १९७४

भुवासांनी ठरवलं आहे की शिखरजीला पोचताना तेला करायचा. तेला म्हणजे लागोपाठ तीन उपवास, अन्नाचा कण नाही, फक्त पक्कं पाणी आणि तेही दिवसाउजेडी. तिसऱ्या दिवशी डोंगरावर दर्शन, चौथ्या दिवशी सकाळी पारणं. वय सत्तरीच्या पुढे. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "बिनणी," सुनेला आमच्यात असंच म्हणतात, "सहा वर्षं थांबले. रिकाम्या हातानं कशी जाऊ? तू पाण्याचं बघ, बाकीचं माझ्याकडे."

मी म्हटलं, पाणी मी माझ्या हातानं देईन. दिला शब्द.


बनारस, २७ जानेवारी १९७४

आज गाडीच्या मागच्या बाजूला गेले तर पाण्याचा हंडा थंडगार. स्टोव्हला हात लावला, तोही थंड. स्वयंपाकी महाराजाला विचारलं तर मान खाली घालून भाजी चिरत राहिला. आधार नाना म्हणाला, "अक्का, मना नाव सांगू नका. घासलेटना डबा शेठनी काल धाबावालाले ईकी टाका. दुप्पट भाव भेटना."

मी यांना गाठलं. यांनी नाकारलंसुद्धा नाही. म्हणाले, परतीचं डिझेल कुठून आणू? एकशे नव्याण्णवमध्ये गाडी चालते का? मी म्हटलं, मग पाण्याचे पैसे कशाचे घेतोस? रागात मी एकेरीवर आले. यांनी मला हंड्याचा तळ दाखवला. तळाला चिमूटभर राख. "राख टाकली की पाणी चालतं. साधू-साध्वी घेतात, विचार कोणालाही."

साधू घेतात ते विधीनं घेतात, हे यांनाही ठाऊक आहे. बिडीची राख होती की चुलीची कोणास ठाऊक.

गाडीत निम्म्याहून जास्त माणसं व्रताची आहेत. आत्ता सांगितलं तर इथं बनारसच्या रस्त्यावर गाडी फोडतील. आणि सगळ्यांचं झालं ते झालंच. ते काही सांगून परत येणार नाही. शिखरजीच्या पायथ्याला, मधुबनला, धर्मशाळेत पक्कं पाणी मिळतं. तिथवर कसं तरी न्यायचं. भुवासांचा तेला उद्यापासून आहे. त्यांच्यापुरतं वेगळं उकळून घ्यावं म्हणून लाकडं शोधली. पण गाडी सुटायची घाई, सगळे चढून बसलेले, हे हॉर्न वाजवताहेत. पुढच्या मुक्कामाला बघू.


२८ जानेवारी

काल मुक्कामाला पोचलो तोच सूर्य मावळलेला, रात्री चूल पेटवत नाहीत, आणि सकाळी पुन्हा निघायची घाई.

सकाळी भुवासांनी तेल्याचा नेम घेतला. मी तांब्या भरून दिला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात धरला, खिडकीबाहेर टाकला. चूळ भरली असेल. मग माझ्याकडे बघून विचारलं, "पाणी पक्कं आहे ना, बिनणी?"

मी म्हटलं, हो.

दुसरं काय म्हणणार होते? चंदनबाई शेजारीच बसल्या होत्या. भुवासांनी तांब्यावर वाटी पालथी घातली आणि माळ ओढत बसल्या. पाप लागायचं तर यांना लागेल, राख यांनी टाकली. मला या माणसाचं तोंड बघायची इच्छा नाही. दिवसभर पाठ करून बसले.


मधुबन, २९ जानेवारी

गाडी बिघडल्यामुळे दिवस मावळल्यावर पोचलो. भुवासांचा तांब्या संध्याकाळीही भरलेला होता. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते. थंडीही आहे. त्यांचे ओठ फुटले आहेत; तूप लावू का विचारलं तर उपवास आहे म्हणाल्या.

डोंगराचा काळा आकार दिसत होता. त्या ओसरीवर बसून त्याच्याकडे बघत होत्या. मी पाय चेपायला बसले. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माणक लहानपणी असाच. दुधावर लक्ष ठेवायला बसवलं की उकळी यायच्या आत भांडं उतरवायचा. मी रागवायचे, मग मीच पुन्हा चढवायचे." माणक म्हणजे हे. म्हाताऱ्यांना कुठे काय आठवेल सांगता येत नाही. मी हो हो करत राहिले.


३० जानेवारी

आज मी उन्हं पडायच्या आत धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. माझ्या डोळ्यांसमोर पाणी उकळलं, बुडबुडे फुटेपर्यंत हलले नाही. वाफ निघणारा तांब्या फडक्यात धरून भुवासांकडे आणला. आज मनात धाकधूक नव्हती. म्हटलं, भुवासा, घ्या, अगदी खात्रीचं आहे.

त्यांनी तांब्या कपाळाला लावला आणि परत दिला. "आता कशाला? एवढा एकच दिवस राहिला." माझ्या गालावरून हात फिरवला. हात कोरडा आणि कढत होता. मला वाटलं, तपाचं केवढं बळ हे. या वयात पाण्यावाचून दिवस काढायचा म्हणतात.

मग डोलीत बसून वर गेल्या. दर्शन झालं. प्रत्येक टोकावर डोलीवाल्यांना थांबायला लावत होत्या. आम्ही खाली आलो तर त्यांना डोलीतून उतरता येईना. डोळे उघडे, पण माणूस ओळखत नव्हत्या. हे पहिल्यांदाच घाबरलेले पाहिले. बंगाली डॉक्टर आला. चमच्यानं पाणी घालायला लागला तर दात मिटून घेतले. सूर्य मावळला होता.


३१ जानेवारी

पारण्याची तयारी करून ठेवली होती. मुगाचं पाणी, साखरेचं पाणी. त्याच्या आधीच गेल्या.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "माताजी के शरीर में पानी था ही नहीं. तीन दिन से क्या पी रही थीं?" मी म्हटलं, पाणी. तांब्या भरून भरून दिला मी.

मग तो विझलेल्या चेहऱ्यानं पैसे घेऊन गेला. दिलेलं पाणी गेलं कुठे, ते मला कळेना. बाहेर आधार नाना गाडी धूत होता. त्याला विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तांब्या भरेलच राहे, अक्का. माय सांगे मले, बाहेर दख्खू नको देऊ कोनले. बठ्ठं पानी मी झाडले वती दिनं."

म्हणजे सगळं पाणी त्यांनी गुपचूप झाडाला ओतायला लावलं. पहिल्या घोटालाच त्यांना कळलं होतं. चाळीस वर्षं पक्कं पाणी प्यालेल्या बाईला कळणार नाही? आणि मला विचारलं ते पाण्याबद्दल नव्हतंच.

खात्रीचं पाणी घेऊन गेले तेव्हा माझ्याबद्दलची खात्रीच उरली नव्हती. यांच्याबद्दल सहा वर्षं जी किळस लिहीत आले ती आज वहीभर माझ्याच अंगाला येते आहे.

बाहेर बायका गाणी म्हणताहेत. शिखरजीचं दर्शन, तेला, आणि पारण्याआधी मरण; असं भाग्य कोणाला मिळतं म्हणून सगळ्या मला मिठी मारताहेत. चंदनबाई रडता रडता म्हणाल्या, "तुमची बस पुण्यवान."


जळगाव, २२ फेब्रुवारी १९७४

नवं पत्रक आलं. भाडं दोनशे पंच्याहत्तर. वर भुवासांचा फोटो, हार घातलेला. पक्कं पाणी पुन्हा भाड्यातच. यांना आता तशी उपरती झाली आहे. शिवाय पहिल्या रांगेतली डाव्या खिडकीची जागा, "पूज्य जतनबाईंची जागा", तिचे पन्नास रुपये जास्त. त्या जागेसाठी भांडणं लागली म्हणून आता वाराणसीपर्यंत एकीला आणि पुढे दुसरीला, असे दोन भाग पाडले आहेत. दोन्ही भागांचे पन्नास.

फोटो चिकटवताना यांनी दोनदा डोळे पुसले. तेही खोटं नव्हतं. तेच जास्त ओंगळ वाटलं मला.


३ मार्च १९७४

आज चंदनबाईंच्या घरी त्या बसमधल्या बायका जमल्या होत्या. यात्रेची आठवण म्हणून दर महिन्याला जमायचं ठरलं आहे. भुवासांची गोष्ट चौथ्यांदा सांगून झाली. प्रत्येक वेळी त्यात थोडं चंदन आणि थोडा उजेड वाढतो.

मला सहन होईना. मी सांगून टाकलं. बनारसला रॉकेल विकलं. तिथून पुढे पाणी कच्चं होतं. मला ठाऊक होतं. भुवासांनी विचारलं आणि मी हो म्हटलं, म्हणून त्या तहानेनं गेल्या.

मला वाटलं, आता अंगावर येतील. यावं असं वाटत होतं. एकीनं पदर सारखा केला. दुसरी दाराबाहेर बघायला लागली.

मग चंदनबाई शांतपणे म्हणाल्या, "पाणी पक्कंच होतं, चंद्रकांता."

मी म्हटलं, नव्हतं हो. हंडा थंड होता, मी हात लावला.

"पक्कं होतं. मी त्या पाण्यावर दोन उपवास केले. हिनं एक केला. हिनं सासूच्या नावानं यात्रा केली. त्याचं आता काय करायचं? तू सांगशील आणि आम्ही कच्चं प्यालो होय?" त्यांनी माझ्यापुढे बदामाची वाटी सरकवली. "घरातलं माणूस गेलं की मन असं काहीबाही बोलतं. पुन्हा बोलू नकोस. आमची यात्रा पुरी झालेली आहे."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी बघत होते, एकीच्याही डोळ्यांत आश्चर्य नव्हतं.

मी उठले. दारात चपला घालत होते तर चंदनबाई मागून आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पुढल्या खेपेला भुवासांची जागा मला ठेव. वाराणसीच्या पुढची. लागतील तेवढे घे."

मी चालू लागले. घरी आले तर हे ओसरीवर बसले होते, खुशीत. चंदनबाईंच्या घरून त्या जागेचे पैसे सकाळीच पोचले होते.